ओली ताटं

दुपारी कोणाकडे गेले आणि घरातली जेवणं नुकतीच आटोपलेली असली, की माझी नजर आधी मोरीकडे जाते. धुऊन पालथी घातलेली ताटं मी मोजते. मोजायचं काही कारण नसतं, तरी मोजते. ही खोड मला अण्णा मास्तरांनी लावली. माणूस जाऊन वर्ष होत आलं, खोड काही गेली नाही.

अण्णा म्हणजे माधवराव सोनटक्के. अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. भातकुलीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं, पण त्यांना गणितासाठी कोणी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते सोयरिकी जुळवणारे म्हणून. आणि जुळवण्यापेक्षाही मोडणारे म्हणून. स्थळाची चौकशी करायची असली, की लोक अण्णांना पाठवत. अण्णांनी "घर साफ हाय" म्हटलं की पत्रिका बाजूला ठेवून लोक मांडवाचं बघायला लागायचे.

साफ म्हणजे घराण्यात वेड नाही. अण्णांना बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं. मुलगा काळा की गोरा, शेती किती, नोकरी पक्की की कच्ची, हे ज्याचं त्यानं बघावं. त्यांनी घरांचे तीन ढीग केले होते: साफ, डागी आणि बंद. डागी म्हणजे मागच्या पिढीत कोणी झालं होतं. बंद म्हणजे आत्ता, या घडीला, घरात कोणीतरी कडी लावलेल्या खोलीत आहे.

हे ओळखायची त्यांची रीत ऐकण्यासारखी होती. ते न कळवता जायचे आणि बरोबर दीडच्या सुमाराला पोचायचे. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. जेवायचा आग्रह झाला तर "माहं झालं" म्हणायचे. बसायला अशी खुर्ची धरायचे, की तिच्यातून मधलं दार दिसेल. मग "तुमची झाली का जेवणं?" असं सहज विचारायचं, घरात माणसं किती ते बोलण्याबोलण्यात काढून घ्यायचं, आणि चहा येईपर्यंत हात धुवायला म्हणून मागे मोरीवर जायचं. तिथे नुकतीच घासलेली ताटं पालथी असायची. फळीवरची कोरडी ताटं कितीही असोत, अण्णा मोजायचे ती ओली.

"नांगरलेलं वावर आन् ओलं ताट खोटं बोलत नाई, बाई," ते मला म्हणायचे.

भातकुलीकडच्या एका घरी त्यांनी अशी सहा ताटं मोजली होती. घरात माणसं पाच, सगळी समोर बसलेली, सगळ्यांची जेवणं झालेली. अण्णांनी चहा घेतला, सुपारी घेतली, मुलीला आशीर्वाद दिला आणि बस पकडून परत आले. सहावं ताट मुलीच्या काकाचं निघालं. बारा वर्षं तो मागच्या खोलीत होता. अण्णांनी ही हकीकत आमच्या ओट्यावर बसून अगदी रंगवून सांगितली होती, आणि मीही हसले होते. नंतर त्या मुलीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. आज ती गोष्ट आठवली की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

कारण मला तरी कळायला हवं होतं. मी एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. अण्णा मोजत फिरायचे त्या ताटांवर जेवणारी माणसं रोज माझ्यासमोर बसतात.

अण्णा असे का झाले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची थोरली बहीण मूर्तिजापूरकडे दिली होती. नवरा आजारी आहे हे लग्नात कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी विहिरीत कोणी विष कालवलंय म्हणून त्यानं घरातलं सगळं पाणी ओतून दिलं, आणि बायकोनंच विष आणलं म्हणून तिला अंगणात उभं केलं. वर्षाच्या आत ती माहेरी आली ती कायमची. "तिचं ताट मंग जलमभर आमच्याच मोरीवर ओलं राह्यलं," अण्णा म्हणाले आणि टोपी काढून पुसू लागले. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. या माणसाच्या हट्टामागे एक मोठी भीती आहे, आणि भ्यायलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, एवढं मला माझ्या कामानं शिकवलं होतं.

आणि त्यांना भ्यायला घरातच कारण होतं. शीतल. एकुलती एक मुलगी. ती पाचवीत असताना तिची आई गेली. अण्णांनी तिच्या वेण्या घातल्या, डबे केले, शाळेच्या गॅदरिंगला साडी नेसवायला तिला माझ्याकडे पाठवलं. शीतल लग्नाची झाली तसे अण्णांच्या बसच्या फेऱ्या वाढल्या. गावभरच्या मुलींसाठी ते एकदा ताटं मोजत, स्वतःच्या मुलीसाठी दोनदा मोजत.

पहिलं स्थळ आलं वलगावचं. निलेश नाव. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. शीतलला तो आवडला. तिनं मला तसं सांगितलंही, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

मी निलेशला ओळखत होते. महिन्यातून एकदा तो आईला घेऊन आमच्या दवाखान्यात यायचा. बाकावर तिच्याशेजारी बसून संत्रं सोलायचा, बिया काढायचा आणि एकेक फोड तिच्या हातावर ठेवायचा. ती फोड उलटसुलट करून बघायची, तोवर तो थांबायचा. कधी घाई नाही, कधी आवाज चढला नाही. पण दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा पहिला धडा, म्हणून मी शीतलला यातलं काही बोलले नाही.

अण्णा वलगावला गेले. समोर माणसं तीन, ओली ताटं चार. ते चहा न घेताच उठले. निलेश त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, चौथं ताट मायचं हाय. ती आत जेवते, तिले गर्दी सहन होत नाई. मी सांगणारच होतो. चला, भेटा तिले." अण्णा भेटले नाहीत. हे सगळं त्यांनीच मला येऊन सांगितलं आणि मग विचारलं, "तुमच्याकडेच येते ना ते माय?"

मी गप्प राहिले. अण्णा मान हलवून निघून गेले. माझ्या गप्प राहण्याचंही त्यांनी उत्तर करून घेतलं.

निलेशचं स्थळ मोडलं. शीतल दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. अण्णांचा शब्द मोडायची तिची रीत नव्हती.

वर्षभरानं अकोल्याचं स्थळ आलं. रोहित. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा, देखणा, बोलायला मऊ. वडील निवृत्त, आई साधी, पल्लवी नावाची धाकटी बहीण. अण्णा दोनदा जाऊन आले. माणसं चार, ताटं चार. मागच्या तीन पिढ्या खणून काढल्या, कुठे काही नाही. दुसऱ्या फेरीहून आले ते थेट आमच्याकडेच.

"साफ घर, बाई. आन् माणसं तर इतकी सरळ, की नाई विचारलं थेही सांगतलं."

न विचारलेलं काय सांगितलं, ते त्यांनी जाता जाता सांगावं तसं सांगितलं. रोहित शिकत असताना, शेवटच्या वर्षी, मे महिन्यात त्याला झोप येईना. समोरच्या गच्चीवरची डिश आपल्या खोलीकडे वळवली आहे आणि तिच्यातून आपले विचार ऐकतात, असं तो म्हणायला लागला. खिडकीला घोंगडी लावून बसला. आठ दिवस असं चाललं. डॉक्टरांनी दोन वर्षं येत राहायला सांगितलं होतं, पण नवव्या दिवशी तो आपोआप बरा झाला, गोळ्या सुरूही कराव्या लागल्या नाहीत. मग कशाला जायचं? दोनदा गेले, सोडून दिलं. या गोष्टीला तेव्हा दीडच वर्ष झालं होतं.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

आमचे डॉक्टर नेहमी सांगतात, हा आजार घरात शिरण्याआधी पुष्कळदा उंबरठ्यावर घुटमळतो, आणि उंबरठ्यावरचे सगळे सारखे नसतात. काहींच्या घराण्यात आजार असतो आणि ती मुलं स्वतः नुसती कोमेजल्यासारखी होतात. काहींना थोडी थोडी चाहूल लागते, कोणी हाक मारल्यासारखं वाटतं, पण हा आपला भास असेल हेही त्यांना कळतं. आणि काहींकडे आजार पुरता आत येतो, चार-आठ दिवस राहतो आणि आपला आपण निघून जातो. लोक पहिल्यांना सर्वांत जास्त भितात आणि तिसऱ्यांना बरे झाले म्हणून सोडून देतात. खरं तर सर्वांत जास्त जपायचं असतं ते या तिसऱ्यांना. आजारानं त्यांचं घर बघून ठेवलेलं असतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. निलेश तर उंबरठ्यावरही नव्हता, आई आजारी असून तो धड होता, कामावर होता, हेही सांगावंसं वाटलं, पण ते ओठांवरच ठेवलं.

"म्हणजे तुमचं गणितच उलटं," अण्णा म्हणाले. "रक्तात हाय थो चांगला, आन् आठ दिवस ऊन लागलं थो वाईट."

"वाईट कोणीच नाही, अण्णा. लग्न करू नका असंही मी म्हणत नाही. कित्येकांना पुन्हा कधीच काही होत नाही. पण डॉक्टर सोडायला नको होता. आणि शीतलला हे माहीत पाहिजे."

"तिले सांगतलं तर थे त्याच्याकडे पाहतच राहीन. हसला तरी पाहीन, नाई हसला तरी पाहीन. असा संसार होते का?"

"तेच तर पाहिजे. कोणीतरी बघत राहिलं पाहिजे."

अण्णांच्या हिशेबात बघायचं ते लग्नाआधी. अक्षता पडल्या की बघणं संपलं. शेवटी मी म्हणाले, तुम्ही सांगता की मी सांगू? त्यावर ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "माही पोरगी हाय. मीच सांगतो."

लग्नात शीतलचा चेहरा बघितला आणि कळलं, की त्यांनी सांगितलेलं नाही. इतका निर्धास्त चेहरा सगळं माहीत असलेल्या मुलीचा नसतो. मी तिथेही बोलले नाही. मांडवात कसं बोलायचं, म्हटलं. नंतर माहेरपणाला आली की बोलू. मग ती आली, तेव्हा तिला दिवस गेले होते, आणि पुन्हा राहून गेलं. अण्णांना नावं ठेवायचा मला काय अधिकार आहे? त्यांनी एकदा लपवलं, मी दर भेटीत लपवलं.

मुलगी झाली. अण्णांनी भिंतीपलीकडून हाका मारून पेढे दिले. मुलगी वर्षाची झाली तेव्हा शीतल ऐन उन्हाळ्यात माहेरी आली होती. दुपारी माझ्याकडे येऊन कूलरसमोर बसली आणि हसत हसत म्हणाली, "काकू, किती बरं वाटून राह्यलं. आमच्याकडे कूलर बंदच असते. यांना आवाज खपत नाही."

अकोल्याच्या उन्हात कूलर बंद? मी कारण विचारलं.

"म्हणतात, कूलरच्या आवाजात कोणी त्यांचं नाव घेते." अजून ती हसतच होती. "मोबाइललाही पुढून चिकटपट्टी लावून ठेवली आहे. कॉलेजातल्या कोणी त्यांच्यावर डोळा ठेवला म्हणे."

मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तो 'मला असं वाटतं' म्हणतो, की 'असंच आहे' म्हणतो?"

शीतल थोडा विचार करून म्हणाली, "दिवाळीत म्हणत होते, वाटते. आता म्हणतात, आहेच."

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या मे महिन्यातले आठ दिवस, गच्चीवरची डिश, खिडकीची घोंगडी, सोडून दिलेला डॉक्टर. ती ऐकताना मांडीवरच्या मुलीचे केस विंचरत होती. विंचरायचं थांबलं नाही, हात मात्र हळू होत गेला.

"अण्णाले माहीत होतं?" तिनं विचारलं. माझ्याशी कधी अशी ठेठ वऱ्हाडी न बोलणारी मुलगी ती.

मी हो म्हटलं.

"आन् तुमाले?"

मी त्यालाही हो म्हटलं. शीतल उठली, मुलीला कडेवर घेतलं आणि त्याच संध्याकाळी अकोल्याला गेली. जाताना तिनं अण्णांना नमस्कार केला नाही.

पुढचं सगळं मी लांबून बघितलं. तिनं रोहितला दवाखान्यात नेलं, पण त्याची शंका तोवर खात्री झाली होती, आणि खात्री झालेल्या माणसाला गोळ्या म्हणजे शत्रूनं पाठवलेलं विष वाटतं. शीतलनं धीर सोडला नाही. सहा महिने लागले त्याला पहिली गोळी घ्यायला राजी करायला. तोवर नोकरी गेली होती. रोहित थोडा सावरला, पण दिवसाचे पुष्कळ तास तो मागच्या खोलीत असायचा. जेवायचाही तिथेच. ती आता आमच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यायची, आणि त्यामुळे माझ्याशी बोलणं तिला भाग पडलं. पुढे पुढे ते थोडं मोकळंही झालं.

अण्णांनी मात्र स्थळं बघणं सोडून दिलं. कोणी आलं तर "डोळे गेले माहे" म्हणायचे. आठवड्यातून दोनदा बसनं अकोल्याला जायचे, नातीला घेऊन बसायचे, परत यायचे. शीतल त्यांना वाढायची. बोलायची नाही.

ताटं मोजताना मी अण्णांना शेवटचं बघितलं ते तिथेच. शीतलनं रोहितच्या गोळ्यांबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. नेमकं त्याच दिवशी पल्लवीच्या स्थळाकडून कोणी वडीलधारे चौकशीला येणार असल्याचा निरोप आला. आम्ही घाईघाईनं जेवलो. रोहितचं ताट शीतल आत घेऊन गेली आणि घेऊन आली. मी हात धुवायला मोरीवर गेले तर अण्णा तिथे उभे होते. सात ताटं पालथी होती. माणसं बाहेर सहा. अण्णांनी सातवं ताट उचललं, खांद्यावरच्या पंच्यानं पुसून कोरडं केलं आणि फळीवरच्या पिठाच्या डब्यामागे सरकवलं. मग मला बघितलं. सत्तरीचा माणूस चोरी करताना पकडला जावा तसे ते गोरेमोरे झाले.

नात त्यांचा पायजमा धरून उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या त्या गणितात ही पोर कुठं बसते?"

आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलेलं होतं. "निलेशच्या जागी, अण्णा," मी म्हणाले. "उंबरठ्याच्याही बाहेर. नीट बघत राहिलं तर बहुतेक काही होणार नाही."

त्यांचा हात नातीच्या डोक्यावर तसाच राहिला. "माह्यासारखा कोणी आला, तर थो चहाही घेणार नाई हिच्या घरी," ते म्हणाले.

तेवढ्यात शीतल आत आली. तिनं मोरीकडे बघितलं, वडिलांच्या खांद्यावरच्या ओल्या पंच्याकडे बघितलं. डब्यामागे हात घालून ताट काढलं, नळाखाली धरलं आणि बाकीच्या सहांशेजारी पालथं घातलं.

"पल्लवीनंच सांगतलं, राहू द्या म्हणून," ती अण्णांना म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं त्यांना म्हटलेलं हे पहिलं वाक्य. "माह्यासारखं तिकडचं कोणी फसाले नको, म्हणते. जे हाय थे दिसू द्या."

बाहेर फाटक वाजलं. पाहुणे अण्णांच्याच वयाचे होते. पांढरी टोपी, हातात पिशवी. जेवायला विचारलं तर "माझं झालं" म्हणाले. मधल्या दारासमोरची खुर्ची त्यांनी आपणहून धरली. घरात कोण कोण असतं, जेवणं झाली का, असं सहज विचारलं. रोहितचे वडील काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. मग पाहुणे उठले आणि हात कुठे धुवायचे म्हणून त्यांनी विचारलं.

अण्णांनी बोटानं मागचं दार दाखवलं. पाहुणे आत गेले. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. अण्णा जमिनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, वर्गात मुलांकडून पाढे म्हणून घेताना हलायचे तसे. मागच्या खोलीत रोहित कोणाला तरी हळू आवाजात नको म्हणत होता.

नळ बंद झाला. पाहुणे बराच वेळ बाहेर आले नाहीत.